पाट्या, मेस की अ‍ॅप? कॅम्पससाठी प्रोजेक्ट निवडताना

तिसऱ्या वर्षाला डिझाइनचा प्रोजेक्ट आला की चारातले तीन ग्रुप ‘सर, अ‍ॅप करतो’ म्हणत येतात. चौथ्याला अजून काहीच सुचलेलं नसतं. विषय एवढाच असतो की कॅम्पसवरचं रोजचं जगणं जरा सोपं करा. फिरून फिरून पर्याय तीनच उरतात: माहितीचं अ‍ॅप, मेसमधलं उष्टं कमी करणं आणि वाट दाखवणाऱ्या पाट्या. सायकल स्टँडही दर वर्षी कुणीतरी सुचवतं, पण त्याची परवानगी मिळेपर्यंत सेमिस्टर संपतं, म्हणून तो इथे धरत नाही.

अ‍ॅपची ओढ मला कळते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच कोकचं मशीन कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. मशीनपर्यंत चालत जायचं आणि बाटल्या संपलेल्या किंवा अजून गार व्हायच्या असायच्या, हा वैताग होता. आत बसवलेल्या स्विचमुळे जागेवरूनच कळू लागलं की कुठल्या कप्प्यात गार बाटली आहे. प्रश्न केवढासा, उत्तर केवढं नेमकं! आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचं इन्स्टीअ‍ॅप घ्या. मेसचा मेन्यू, कार्यक्रम, कॅम्पसचा नकाशा, सगळं एका जागी. पण ते टिकलंय ते एक बॅच गेली की पुढची ते हातात घेते म्हणून.

तुमच्याकडे अशी पुढची बॅच आहे का? नसेल तर काय होतं ते सांगतो. एका ग्रुपचं मेन्यूचं अ‍ॅप दिसायला फार देखणं होतं. दर रविवारी मेसच्या फळ्याचा फोटो बघून मेन्यू टाइप करणारा मुलगा इंटर्नशिपला गेला आणि अ‍ॅपमध्ये तीन महिने रोज भेंडीच शिजत राहिली. दुसरी अडचण माहितीच्या मालकीची. येल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी कोर्सेसची माहिती आणि रेटिंग सहज शोधता येईल अशी साइट केली, ती 2014 च्या जानेवारीत विद्यापीठानेच बंद पाडली. पुढे त्यावर बरीच टीका झाली आणि तशी साइट आज तिथे विद्यार्थीच चालवतात, पण एवढं भांडण तुमच्या एका सेमिस्टरात मावणार नाही.

मेसचा प्रोजेक्ट यापेक्षा ठोस. आकडे मिळतात आणि रिपोर्टही सगळ्यात भक्कम होतो. 2008 च्या आसपास अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी जेवणाचे ट्रे काढून टाकले. हातात मावेल तेवढंच घेतलं जातं, त्यामुळे उष्टं कमी पडतं, एवढीच कल्पना. आपल्याकडे कप्प्यांची ताटं, त्यामुळे गंमत वेगळी: कप्पा रिकामा दिसला की वाढणारा तो भरतो. मग वाढायचा डाव लहान करून बघा, अर्धी पोळी मागायची सोय करून बघा. दोन बादल्या ठेवा, एक खऱ्या उष्ट्याची, दुसरी हाडं आणि शेवग्याच्या चोथ्याची, नाहीतर वजन फसवतं. बदलाआधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे मोजा, जेवणारी डोकीही मोजा. एकच बुधवार मोजला आणि त्या दिवशी चिकन असलं, तर निष्कर्ष कचऱ्यात. मात्र मेसवाल्या काकांशी आधी बोला. पोरं तक्रार करायला आलीत असंच त्यांना वाटतं. आणि कधीकधी भाजीच वाईट असते, तिथे कुठलंच डिझाइन चालत नाही.

आता पाट्या. हा पर्याय कुणी आपणहून घेत नाही, आणि मी तोच घ्या म्हणतो. खर्च खिशातला, कोडिंग शून्य, आणि चुकलात तर त्याच दिवशी कळतं. आमच्या एका ग्रुपने गेटवरच्या वॉचमन काकांकडे वही ठेवली: कुणी काय विचारलं ते त्याच शब्दांत लिहा. आठवड्याने वही उघडली तर ‘मार्कशीट कुठे मिळते’, ‘एटीकेटीचा फॉर्म’, ‘मुलीला भेटायचंय, हॉस्टेलला कुठून जाऊ’. आणि पोरांनी तोवर डिझाइन केलेल्या पाटीवर होतं ‘प्रशासकीय भवन’. ते वहीत एकदाही नव्हतं. पाटी बदलली: ‘मार्कशीट, एटीकेटी फॉर्म →’.

पहिला नमुना साध्या कागदावर काढा आणि लावा. माणसं कुठे थबकतात, कुठे वळून मागे बघतात, ते उभं राहून बघा. वहीवाल्या ग्रुपच्या पाट्या पावसाळ्यात लागल्या होत्या. ओल्या भिंतीवर सेलोटेप धरेना आणि दुसऱ्या दिवशी बाण जमिनीकडे बघत होता. मग सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका, कडक बोर्ड, आला. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर साधारण इंचभर उंच हवं, हा ढोबळ हिशोब. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, तेव्हा दोन ओळींत जागा सैल सोडा. ‘मुक्ता’ हा फाँट फुकट आहे आणि लांबून स्वच्छ वाचता येतो. ज्या दारापाशी रॅम्प आहे तेही पाटीवर दाखवा. व्हीलचेअरवाल्याला पायऱ्यांपर्यंत आणून सोडणारा बाण हा बाण नव्हे.

पाट्यांचा तोटा? परीक्षकांना त्यात ‘टेक्नॉलॉजी’ दिसत नाही. मार्कांची धास्ती असेल तर मेस घ्या, आलेख काढता येतात. ग्रुपमध्ये कोड लिहिणारे दोघं आणि हाताशी दोन ज्युनियर असतील तरच अ‍ॅप, तेही एकाच प्रश्नाचं. लाँड्रीचं मशीन रिकामं आहे का, एवढंच. बाकी सगळ्यांनी येत्या सोमवारी गेटवर एक वही ठेवा.

त्या ग्रुपने महिन्याने काकांना विचारलं, आता लोक काय विचारतात? काका म्हणाले, ‘आता फक्त संडास कुठंय विचारतात.’ ती पाटी करायची राहिली होती.