सल्लागार ठेवावा की संशोधन संघटनेचं सभासद व्हावं? क्राफ्ट पेपर कारखान्यासमोरची निवड

रद्दीपासून क्राफ्ट पेपर (खोक्यांचा तपकिरी कागद) काढणाऱ्या पुणे परिसरातल्या कारखान्यांपुढे हा प्रश्न दोनदा हमखास येतो. एकदा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटचं, म्हणजे कारखाना चालवायच्या संमतीचं, नूतनीकरण तोंडावर आलं की, आणि एकदा चाकण-रांजणगावच्या मोठ्या ग्राहकाने पर्यावरणाची प्रश्नावली धाडली की. वर्षाच्या करारावर सल्लागार ठेवायचा, की कागद उद्योगाच्या संशोधन संघटनेत सामील व्हायचं? दोन्ही परवडत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. पण मध्यम कारखान्यात पर्यावरणासाठीचा पैसा एकाच खात्यातून येतो आणि ते सांभाळणारा केमिस्टही एकच असतो, म्हणून निवड करावी लागते.

संघटनांमागचा विचार जुना आहे. सांडपाण्यावरचं संशोधन एकट्या कारखान्याच्या आवाक्यात नसतं, म्हणून सगळ्यांनी मिळून पैसे घालायचे आणि निष्कर्ष वाटून घ्यायचे. अमेरिकेतल्या कागद कंपन्यांनी 1943 साली नद्यांच्या प्रदूषणासाठी अशी संघटना काढली. हवेचा विषय त्यात नंतर आला. तीच आजची एनकॅसी. आपल्याकडे इतकं सरळ चित्र नाही. उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरला इप्टा ही कागद तंत्रज्ञांची संघटना आहे. तिचं सभासदत्व घेता येतं, तिचं नियतकालिक निघतं, चर्चासत्रं होतात. त्याच गावात 1980 पासूनची केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्था आहे. ती पैसे घेऊन कारखान्यांची चाचणी आणि अभ्यासाची कामं करते. आपल्यासाठी ‘सामील होणं’ म्हणजे एकीकडे सभासदत्व आणि दुसरीकडे अधूनमधून दिलेलं काम, अशी जोडगोळी आहे.

सल्लागाराची बाजू आधी. 30 जूनपर्यंत घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, 30 सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र, मंडळाच्या पोर्टलवरचे अर्ज, वाकडेवाडीच्या प्रादेशिक कार्यालयातल्या खेपा या सगळ्यात चांगल्या सल्लागाराला तोड नाही. यातलं काहीही संघटना करत नाही आणि करणारही नाही. मंडळाची नोटीस हातात पडली असेल तर संघटनेचा विचार सहा महिने बाजूला ठेवा आणि सल्लागाराला फोन करा. कारखाना नवा असेल, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) अजून स्थिरावला नसेल, तरीही हेच.

आमचा कौल मात्र एका त्रासामुळे दुसरीकडे झुकला. सल्लागाराकडून येतो तो नुसता आकडा. बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू खातात तो ऑक्सिजन) इतका, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) इतका, शेरा ‘मर्यादेत’. आकडा मर्यादेबाहेर गेला की सल्ला येतो, पण कारण येत नाही.

बीओडीचंच घ्या. एकाच दिवसाचं पाणी दोन प्रयोगशाळांकडे दिलं तरी आकड्यांत मोठा फरक पडू शकतो, आणि दोघींकडे मान्यतेचं प्रमाणपत्र असू शकतं. पाणी वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून (हेच विरलन) बाटल्यांत ठेवतात; खरी गोष्ट त्या बाटल्यांच्या तक्त्यात दिसते. प्रत्येक विरलनात ऑक्सिजन किमान 2 मिलिग्रॅम प्रतिलिटर खर्च झाला पाहिजे आणि शेवटी किमान 1 शिल्लक राहिला पाहिजे. या अटीत न बसणारी बाटली हिशेबात धरायचीच नाही. आणि विरलन वाढवत नेलं तसा बीओडीही वाढत गेला, तर समजावं की पाण्यात जिवाणूंना मारणारं काहीतरी आहे. क्राफ्ट कारखान्यात ते बहुतेक वेळा बुळबुळीत थर रोखण्यासाठी टाकलेलं बायोसाइड असतं. अशा वेळी अहवालातला कमी बीओडी खोटा असतो आणि ईटीपीच्या एरिएशन (हवा सोडायच्या) टाकीतले जिवाणू तेच विष सोसत असतात. हा तक्ता प्रयोगशाळेत असतो, सल्लागाराच्या अहवालात बहुधा नसतो. मागितला तर मिळतो, पण काय मागायचं हे आधी ठाऊक हवं. ते इप्टाच्या चर्चासत्रात दुसऱ्या कारखान्याच्या केमिस्टशेजारी बसल्यावर कळतं.

चुन्याचं उदाहरण अधिक महागात जाणारं आहे. ताज्या पाण्याचा वापर कमी करत नेला की बॅकवॉटर (मशीनवर लगद्यातून निथळलेलं पाणी) तेच तेच फिरत राहतं. रद्दीच्या खोक्यांतला स्टार्च त्यात विरघळतो, जिवाणू तो खातात आणि ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्लं तयार होतात. पीएच उतरतो. उतरलेल्या पीएचला रद्दीतलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि पाण्यात कॅल्शियम चढतं. ईटीपीवर पीएच कमी दिसला की ठरलेला सल्ला येतो: चुना वाढवा. म्हणजे आधीच चढलेल्या कॅल्शियममध्ये आणखी कॅल्शियम. काही महिन्यांत टाकीत हवा सोडणाऱ्या डिफ्युझरवर पांढरा कडक थर बसतो, ब्लोअरचा दाब वाढतो, विजेचं बिल वाढतं. यूएएसबी (हवेविना, जिवाणूंच्या दाण्यांवर चालणारी टाकी) असेल तर त्यातल्या दाण्यांवर कार्बोनेटचं कवच चढतं, ते जड होतात आणि त्यांचं काम मंदावतं. शिवाय ब्युटिरिक आम्लाचा आंबूस वास कागदात उतरतो. खाद्यपदार्थांची खोकी करणारा ग्राहक तो माल परत पाठवतो.

यावर उपाय ईटीपीच्या आधी, मशीनघरात आहे. चेस्ट (लगद्याची टाकी) आणि ब्रोक टॉवरमध्ये (मशीनवर वाया गेलेल्या कागदाच्या लगद्याची टाकी) पाणी किती तास थांबतं ते मोजायचं, रिकामे न होणारे कोपरे शोधायचे, बंदच्या दिवशी टाक्या भरलेल्या ठेवायच्या नाहीत. पीएच सावरण्यासाठी तात्पुरतं कॉस्टिक सोडा वापरायचं. ते महाग आहे, पण थर धरत नाही. आणि पीएचसोबत वाष्पशील आम्लं आणि विद्राव्य कॅल्शियम आठवड्यातून एकदा मोजायचं. सल्लागारांना हे येत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल, काहींना उत्तम येतं. पण त्यांचा करार ईटीपीच्या दारात सुरू होतो आणि रद्दीचा लगदा करणाऱ्या पल्परजवळ काय चाललंय ते विचारणं त्यांच्या कामात धरलेलं नसतं. दुसऱ्या कारखान्यात हीच अडचण कशी सुटली ते त्यांना माहीत असलं तरी गोपनीयतेमुळे सांगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. संघटनेत नेमकं हेच उघडपणे बोललं जातं.

संघटनेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बीओडीचा नमुना सहारनपूरला पाठवता येत नाही. थंड ठेवूनही साधारण दिवसभरात चाचणी लावावी लागते, त्यामुळे जवळची प्रयोगशाळा लागतेच. गाळाची राख, गाळातला तंतू, त्याचं उष्मांक मूल्य अशी कामं खुशाल पाठवा. तिकडचा बराच अनुभव गंगा खोऱ्यातल्या कारखान्यांचा आहे. तिथे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कागद कारखान्यांसाठी पाणी पुनर्वापराची सनदच लागू केली. आपलं पाणी भीमेतून कृष्णेला जातं, त्यामुळे ती सनद आपल्यावर थेट बंधनकारक नाही. तरी टनामागे पाणी किती, याचं माप म्हणून ती जवळ ठेवावी.

थेट परदेशी संघटनेचा मोह होत असेल तर जरा थांबा. तिकडचा बीओडी 20 अंशांवर पाच दिवसांचा, आपला 27 अंशांवर तीन दिवसांचा. घरगुती सांडपाण्यात दोन्ही जवळपास येतात, कागदाच्या पाण्यात येतीलच असं नाही. त्यांचा पुष्कळसा अभ्यास लाकडापासून रासायनिक लगदा काढणाऱ्या मोठ्या कारखान्यांवरचा आहे. काळं लिकर (लाकूड शिजवल्यावर उरणारं द्रव) आणि ते जाळणारे रिकव्हरी बॉयलर रद्दीवरच्या आपल्या कारखान्यांत नाहीत. पद्धती मात्र घ्याव्यात. एनकॅसीची रंग मोजण्याची पद्धत पाहा: नमुन्याचा पीएच 7.6 करायचा, 0.8 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा आणि 465 नॅनोमीटरला वाचायचा. लाकडातल्या लिग्निनचा रंग पीएच वाढला की गडद होतो. पीएच न बांधता नुसत्या डोळ्यांनी रंग जुळवला तर सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा जुळत नाही, आणि त्याचा दोष उगाच ईटीपीवर येतो. साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर हे उद्यापासून करता येतं.

आमच्या मते, ईटीपी दोन-तीन वर्षं चालू असेल, कागदपत्रं वेळेवर जात असतील आणि घरचा केमिस्ट शिकण्याच्या उमेदीचा असेल, तर सभासदत्व घ्यावं आणि सल्लागाराचा करार विवरणपत्रांपुरता आखडावा. सभासदत्वातला खरा खर्च फीचा नाही, केमिस्टच्या दिवसांचा आहे. त्याला चर्चासत्राला पाठवणार नसाल, परत आल्यावर चार गोष्टी करून पाहायला मोकळीक देणार नसाल, तर पैसे सल्लागारालाच द्या.

ठरवण्याआधी एक चाचणी जरूर करा. दर तासाला अर्धा लिटर असं चोवीस तास पाणी घ्या. बर्फाच्या पेटीत बारा लिटर जमेल. नीट ढवळून तीन भाग करा: एक सध्याच्या प्रयोगशाळेला, एक दुसऱ्या प्रयोगशाळेला, एक घरच्या केमिस्टला. तिघांकडून बाटल्यांचा तक्ता आणि ग्लुकोज-ग्लुटामिक आम्लाच्या तपासणीची (बीओडी आधीच ठाऊक असलेल्या द्रावणावर प्रयोगशाळा स्वतःला तपासते ती) नोंद मागा. या द्रावणाचा पुस्तकातला 198 मिलिग्रॅम प्रतिलिटर हा आकडा पाच दिवस आणि 20 अंशांचा आहे. तीन दिवसांच्या बाटलीला तो लावू नका, प्रयोगशाळेचा स्वतःचा आलेख पाहा. मग तिन्ही तक्ते सल्लागारापुढे ठेवून फरक का पडला ते विचारा. कारणासकट उत्तर आलं तर तो सल्लागार सोडू नका. ‘सगळं मर्यादेत आहे’ इतकंच ऐकू आलं, तर सभासदत्वाचा अर्ज भरा.