बर्लिनच्या फिलहार्मोनीत बेथोवनची पाचवी सिंफनी

तिकीट वाद्यवृंदामागच्या बाकांचं घेतलं, स्वस्त म्हणून. आता नेहमी तिथलंच घेईन. हान्स शारूनच्या या १९६३च्या सभागृहात रसिक चहूबाजूंनी बसतात, त्यामुळे वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरचा चेहरा समोर दिसतो.

घरी कंडक्टर कार्लोस क्लायबरचं याच सिंफनीचं १९७४चं ध्वनिमुद्रण पारायणासारखं ऐकलंय. तो पहिला भाग उधळत नेतो. क्लेम्परर या दुसऱ्या कंडक्टरचा संथ, डोंगरासारखा. आजची लय क्लायबरच्या जवळची. पण ओबो या फुंकवाद्याची एकट्याची ओळ आली, तेव्हा कंडक्टरने हात खाली घेतले आणि सगळं सभागृह श्वास रोखून थांबलं! रेकॉर्डवर ही जागा माझ्या कानांतून निसटायची. तिसऱ्या भागाच्या शेवटी टिंपनीची, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांची, दबकी थाप थेट पायांत जाणवली. तीन भाग गप्प बसलेले ट्रॉम्बोन, म्हणजे लांब पितळी कर्णे, चौथ्यात उठले, आणि मला रडू आलं.