सोलापुरी चादर, थेट लूमवरून घेतलेली. पाचापैकी साडेचार

आधीच सांगतो, दुकानाचं नाव विचारू नका कारण त्याला नावच नाही. सोलापूरच्या पूर्व भागात अशोक चौकाच्या आतल्या गल्लीत खाली चार लूम आणि वर घर असा कारखाना, पाटी नाही, दारात सुताची पोती पडलेली आणि आतून खटॅक खटॅक खटॅक, बस एवढाच पत्ता. मावसभाऊ घेऊन गेला नसता तर मी समोरून तीनदा गेलो असतो तरी कळलं नसतं.

झालं असं की मागच्या थंडीत पुण्यात रस्त्याच्या कडेला गठ्ठे लावून बसतात ना, तिथून 'असली सोलापुरी' म्हणून 250 ला एक चादर घेतली होती. दोन धुण्यात तिला गोळे आले आणि उन्हाळ्यात अंगावर घेतली की घामाघूम. सोलापूरचा माणूस असून फसलो, आईने फोनवर जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

हे मालक काकांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "त्यातला लई माल पानिपतचा असतोय की, वर आपलं नाव छापतेत." मग त्यांनी दोन धागे काढले आणि काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळला, वास पण कागदाचाच, बोटाने चोळला तर नुसती राख. दुसरा धागा पॉलिस्टरचा, तो वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. हे घरी करून बघा, चादरीच्या दशांतला एक धागा पुरतो, आणि लेबल वाचत बसण्यापेक्षा हे बरं. जीआय टॅग, म्हणजे माल इथलाच असल्याची सरकारी नोंद, चादरीलाही आहे आणि इथल्या टर्किश टॉवेललाही, पण टॅग असून रस्त्यावर कोण तपासतंय.

आता चादर. 60 बाय 90 इंच, शुद्ध सुती, 750 रुपये. जॅकार्डवर विणलेली म्हणजे नक्षी छापलेली नाही, विणतानाच तयार होते, लूमच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते आणि कुठला धागा वर जायचा ते ती भोकं ठरवतात. मी तिथे वीसेक मिनिटं नुसता तोंड वर करून उभा होतो. दोन्ही बाजूंनी वापरता येते, इकडे मरून जमिनीवर पांढरी फुलं असतील तर उलटी केली की पांढऱ्या जमिनीवर मरून. नवी असताना जरा कडक लागते, चार धुण्यांनंतर जी मऊ पडते ती पुढे बरीच वर्षं. आमच्या घरी आजोबांच्या वेळची एक आहे, काठ गेलेत पण मधलं कापड अजून शाबूत, आता ती इस्त्रीखाली घालतो.

आजोबा 'जुनी मिल' नावाच्या गिरणीत होते. आणि इथे एक गोष्ट बोलायचीच आहे, सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव आणि सोलापूर म्हणजे चादर हे लोक एका दमात बोलतात, मी पण बोलायचो, पण चादरीचं नाव झालं ते गिरण्यांमुळे नाही. जुनी मिल 1877 ची, म्हणजे ऐन मोठ्या दुष्काळातली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा एकेक उभ्या राहिल्या, पण तिथलं मुख्य काम सूत आणि कापड. चादर वाढली ती बाजूला, निजामाच्या तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर लोकांच्या घरात, आधी हातमागावर मग पॉवरलूमवर. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे गेले, आणि गल्लीतला लूम मात्र चालू राहिला. काकांचे वडीलही दिवसा मिलमध्ये आणि रात्री घरच्या मागावर, बायकोने सुताच्या कांड्या भरून द्यायच्या.

त्या गिरणी कामगारांनी 1930 साली गांधीजींच्या अटकेनंतर असा दंगा केला की पोलिसांनी शहर सोडलं आणि तीनेक दिवस इथे इंग्रजांचं राज्यच नव्हतं, मग मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. चार नावं नीट वाचा, सोलापूर कसलं गाव आहे ते त्यातच आलं. काका बायकोशी तेलुगूत, सूत घेऊन आलेल्या माणसाशी कन्नडमध्ये, टेम्पोवाल्याशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत बोलत होते, आणि मध्ये कुठेही अडखळत नव्हते. सगळंच काही कौतुकाचं नाही म्हणा. इथल्या एका भागाला सेटलमेंट म्हणतो ना आपण सहज, तिथे गुन्हेगार जमाती म्हणून शिक्का मारलेल्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचे आणि गिरणीत कामाला न्यायचे. 1952 ला सुटले ते लोक. रिक्षावाल्याला 'सेटलमेंटला चल' म्हणताना हे कोणाच्या डोक्यात येत नाही, माझ्याही येत नव्हतं.

आजही घरं चालतात ती लूमवर आणि बिडीवर. काकू बोलता बोलता सुपात पानं घेऊन बिड्या वळत होत्या, हात बघायचं काम नाही. त्यांच्या बहिणीला सोलापूरजवळ कुंभारीला रे नगरमध्ये घर मिळालंय, कम्युनिस्ट नेते आडम मास्तरांनी लढून आणलेली ती कामगारांची वसाहत, 2024 च्या जानेवारीत पहिल्या 15 हजार घरांच्या चाव्या दिल्या. "घर झ्याक हाय, पर लांब हाय" असं काकूंचं मत.

अर्धा मार्क कशाचा कापला? एक तर मरून रंग पहिल्या धुण्यात सुटला आणि माझा पांढरा बनियन गुलाबी झाला, हे आधी सांगायला हवं होतं, विचारल्यावर काका म्हणतात, "पहिल्यांदा वेगळी धुवायची असती की, तुमाला म्हाईत नाय व्हय?" दुसरं, सोबत घेतलेल्या टॉवेलची एका बाजूची शिवण आठवड्यात उसवली. टॉवेल बदलून देतो म्हणालेत, पण त्यासाठी सोलापूरला जावं लागणार. पिशवी मिळत नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधून देतात. दुपारी लाईट गेली तर लूम बंद, पण गप्पा चालू राहतात, वेळ हातात ठेवून जा.

आणि चादर ओली झाली की एकट्याला पिळता येत नाही, जड होते. आईने आणि मी दोन टोकं धरून गॅलरीत पिळली, पिळता पिळता ती म्हणाली, "अजून दोन आण, एक तुझ्या मामीला." हिरवी सांगून ठेवली आहे.