टोयोटा हायलक्स: पुढे 20 मिमी पॅकिंग, 11 महिने आणि 16,000 किमी

रिकामी हायलक्स पिकअप बाजूने पाहिली की नाक खाली घालून उभी दिसते. हा दोष नाही. मागचे पाटे हौद्यातल्या वजनाचा हिशेब धरून बसवलेले असतात. माल भरला की मागची बाजू बसते आणि गाडी सरळ होते. ज्यांचा हौदा महिन्यातून पंचवीस दिवस रिकामा असतो त्यांना ते नाक खुपतं. म्हणून पुढची उंची वाढवायची की नाही हे आरशात पाहून नव्हे, हौदा किती भरतो ते पाहून ठरवावं.

या गाडीत शॉकपच्या डोक्यावर बसणारी 20 मिमी जाडीची ॲल्युमिनियम चकती टाकली आहे. 20 मिमी टाकून 20 मिमीच उंची मिळेल हा पहिला गैरसमज. शॉकप चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला साधारण मध्यावर धरलेला असतो, त्यामुळे चाकापाशी जवळपास दुप्पट फरक पडतो. इथे 38 मिमी मिळाले. दुकानात ‘दोन इंची किट’ मागितल्यावर हातात पडते ती चकती साधारण इंचभर जाडीची असते, ती याच कारणाने. चकतीच दोन इंचांची निघाली तर ती बसवू नका. एक्सलचे कोन हाताबाहेर जातात.

दुसरा प्रकार म्हणजे स्प्रिंगच्या वर, शॉकपच्या आत बसणारं पॅकिंग. ते स्वस्त पडतं, पण स्प्रिंग आधीच दाबून ठेवतं. मग स्पीडब्रेकर उतरताना चाक खाली लटकलं की शॉकप पूर्ण उघडून ‘ठक्’ असा आवाज देतो. वरच्या चकतीत स्प्रिंगचा मऊपणा तसाच राहतो, मात्र तिचाही एक तोटा आहे. अख्खा शॉकप खाली सरकलेला असल्यामुळे मोठ्या खड्ड्यात चेसिसवरचा रबरी बंपस्टॉप टेकायच्या आधीच शॉकपचा प्रवास संपू शकतो. पुढे लोखंडी बंपर किंवा विंच (अडकलेली गाडी ओढणारं दोराचं यंत्र) असेल तर दोन्ही पर्याय सोडा आणि त्या वजनाच्या जाड स्प्रिंग व शॉकप घ्या. वजनाने बसलेली गाडी पॅकिंगवर उभी करणं ही शुद्ध फसवणूक आहे.

मोजमाप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, सपाट जागेवर, टाकी अर्धी भरलेली असताना घ्या. पुढे-मागे चाकावरच्या कमानीची कापणी सारखी नसते, म्हणून सरळपणा तपासायला दाराखालच्या पट्टीवर लेव्हल ठेवणं जास्त खरं. पूर्ण सरळ करू नका. मागची बाजू 10–15 मिमी वर राहू द्या. या गाडीत 300 किलो भरल्यावर मागची बाजू 30 मिमीहून जास्त बसते. रिकामी असताना सरळ केलेली गाडी भरल्यावर आभाळाकडे बघते आणि स्टिअरिंग हलकं लागतं.

बसवताना दोन्ही पुढची चाकं एकदम उचला आणि घोड्या (लोखंडी टेकू) चेसिसखाली लावा. एकच बाजू उचलली तर दोन्ही चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार ताणलेला राहतो आणि त्याची लिंक सुटता सुटत नाही. दोन्ही लिंक, ब्रेकच्या पाइपचा क्लॅम्प आणि एबीएसची वायर आधी मोकळी करा. मग शॉकपचा खालचा बोल्ट आणि वरचे तीन नट. मधल्या नटाला पाना लावायचा नाही; दाबलेली स्प्रिंग तोच धरून असते. नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) हवेत लोंबकळू देऊ नका, जॅकचा टेकू द्या, नाहीतर एक्सलचा आतला सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, ओढला जातो. खालचा बोल्ट हाताने बसवा आणि गाडी चाकांवर उतरल्यावरच शेवटचा टॉर्क द्या. लटकत्या स्थितीत आवळला तर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. गॅरेजमध्ये घाई होते ती नेमकी इथेच.

त्याच दिवशी अलाइनमेंट. टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) हमखास बिघडतो, कॅस्टरही (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) घटतो. इथे तो पाऊण अंश उतरला होता. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवर तो बऱ्यापैकी परत मिळाला. ‘फक्त टो करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर मागा. 50 मिमीच्या पुढे कॅम बोल्ट पुरत नाहीत, वरचे आर्म बदलावे लागतात. स्टिअरिंग वाकडं ठेवून गाडी सोडली तर व्हीएससीचा (गाडी घसरण्यापासून सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागू शकतो. तेव्हा स्टिअरिंगच्या सेन्सरचं शून्य पुन्हा ठरवून घ्यावं लागतं.

हेडलाइट लोक विसरतात. व्हीलबेस 3,085 मिमी, नाक 38 मिमी वर, म्हणजे प्रकाशझोत सुमारे 0.7 अंशाने चढतो. 10 मीटरवरच्या भिंतीवर तो नुसत्या कोनामुळे 12 सेंमी वर जातो, 25 मीटरवर 30 सेंमीहून जास्त. समोरचे डिपर मारत राहतात ते उगाच नाही. काम करण्याआधी भिंतीवर चिकटपट्टी लावून रेघ घेतली की नंतर दहा मिनिटांत जुळतं.

आता 11 महिन्यांनंतरची अवस्था. पहिल्या 500 किलोमीटरनंतर वरचे नट पाव-पाव फेरा घेत आवळले गेले. तोवर डाव्या बाजूने खड्ड्यात बारीक ‘कट-कट’ होती, ती थांबली. टायर 265/60 आर 18, कंपनीचेच. झीज सरळ आहे. एक्सलच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटलेले नाहीत, पण उजवीकडच्या आतल्या क्लॅम्पपाशी ग्रीसचा पातळ थर दिसू लागला. क्लॅम्प बदलला, थांबलं. कोकणातला एक पावसाळा काढल्यावर चकतीत स्टीलचे स्टड शिरतात तिथे पांढरी भुकटी साचली होती. ॲल्युमिनियम आणि स्टील ओलाव्यात एकत्र आले की हे होणारच. बसवतानाच ग्रीस लावलं असतं तर टळलं असतं. घाटात वळणावर झुकाव किंचित वाढला आहे, चिखलाच्या रस्त्यावर पुढचा बंपर कमी घासतो. मागचा डिफरन्शियल (मागच्या एक्सलवरचा गिअरचा गोळा) होता तिथेच आहे, म्हणजे गाडीखालचा सगळ्यात खालचा बिंदू एवढ्याने सुधारतो असं समजू नका.

वॉरंटी आणि विम्याचं आधी विचारा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या फेरफाराबद्दल आहे, आणि अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला चकती दिसतेच. परत मूळ उंचीवर यायला अर्धा दिवस आणि आणखी एक अलाइनमेंट लागतं.