आयएनए226 : सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधील करंट मोजणारी चिप

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ही चिप 36 व्होल्टपर्यंतच्या लाइनवरील करंट मोजू शकते, त्यामुळे सर्व्हरच्या 12 व्होल्ट पॉवर सप्लायचा आउटपुट करंट मोजण्यासाठी ती सोयीची ठरते. शंटवरील, म्हणजे करंटच्या वाटेत बसवलेल्या अगदी लहान रोधावरील व्होल्टेज ती 2.5 मायक्रोव्होल्टच्या पायरीने मोजते. अर्ध्या मिलिओहमचा शंट लावल्यास 100 अँपिअरला 50 मिलिव्होल्ट मिळतात, जे तिच्या सुमारे 82 मिलिव्होल्टच्या मर्यादेत आरामात मावतात. मात्र शंटमध्ये तेव्हा 5 वॅट उष्णता होते, हे जागा ठरवतानाच लक्षात घ्यावे.

खरी कसोटी कमी लोडवर लागते. 2 अँपिअरला शंटवर जेमतेम 1 मिलिव्होल्ट असतो आणि 10 मायक्रोव्होल्टचा कमाल ऑफसेट (करंट शून्य असतानाही दिसणारी चूक) धरला तरी त्यामुळे येणारी चूक एक टक्क्यापलीकडे जात नाही, ही बाब मला विशेष समाधानकारक वाटते. आकडे बिघडतात ते बहुधा बोर्डच्या मांडणीमुळे. सेन्सचे ट्रॅक, म्हणजे शंटचे व्होल्टेज चिपपर्यंत नेणाऱ्या तांब्याच्या रेषा, थेट शंटच्या पॅडवरून न घेता लगतच्या तांब्यावरून घेतले, तर त्या तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढत असल्याने बोर्ड तापताच करंट वाढल्याचे भासते, आणि खापर मात्र बिचाऱ्या चिपवर फुटते.

करंट ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यावर इशारा देणारी चिपची अलर्ट पिन उपयुक्त आहे, पण एका रूपांतरणाला, म्हणजे एका मोजणीला, किमान 140 मायक्रोसेकंद लागत असल्याने शॉर्ट सर्किटपासून संरक्षणासाठी वेगळा, जलद कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारे सर्किट) द्यावाच लागतो.