नऊ महिने वापरल्यानंतर : आमचं नवं स्वयंपाकघर आणि ते करणारा कंत्राटदार

काम संपलं जानेवारीच्या शेवटी. त्यानंतर सोलापूरचा एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा या ओट्यानं, या शटरांनी सोसलाय, म्हणून आता लिहायला बसलेय. काम झालं त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर फक्त चकाकीबद्दल लिहिलं असतं.

त्याआधीच्या ऑगस्टमध्ये आम्ही एकाला पन्नास हजार उचल दिली होती. त्यानं जुना ओटा फोडला, दोन दिवस राडारोडा उचलला आणि मग फोन घेईना. दिवाळी आम्ही हॉलमध्ये स्टुलावर शेगडी ठेवून काढली. सासूबाईंनी चकल्या खाली बसून तळल्या, त्यांचे गुडघे दुखत असताना. ते अजून मला लागतं.

दुसऱ्या वेळी तिघांकडून अंदाजपत्रक घेतलं. दोघांनी एका ओळीत एकूण रक्कम सांगितली. तिसऱ्यानं दोन पानं हातानं लिहून दिली: ओटा रनिंग फुटावर, शटर आणि ट्रॉल्या स्क्वेअर फुटावर, टाइल्स, नळकाम, लाइटकाम सगळं वेगळं, प्लायवूडचा ग्रेडसुद्धा. तो बत्तीस हजारांनी महाग होता. तरी मन त्याच्याकडे गेलं, कारण कुठला पैसा कशाला जातोय हे कळत होतं.

त्यानं तीन जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते दिले. मी म्हटलं, नवं काम नको, दोन वर्षांपूर्वीचं दाखवा. शेळगीत एका घरी गेलो. त्या ताईंना विचारून सरळ सिंकखालचं दार उघडलं, खाली वाकून वास घेतला, तळाच्या फळीवर हात फिरवला. फळी कोरडी, कडा फुगलेल्या नाहीत, बिजागऱ्या ढिल्या नाहीत. बाहेरून सगळ्यांचंच छान दिसतं. खरं काम सिंकखाली दिसतं.

प्लायचं मी घरीच बघितलं. एका अंदाजपत्रकवाल्यानं दिलेला तुकडा आणि याचा तुकडा, दोन्ही एका पातेल्यात दिवसभर उकळत ठेवले. संध्याकाळी त्या अंदाजपत्रकवाल्याच्या तुकड्याचे पापुद्रे सुटून वर आले होते, याचा तसाच होता. तसाच राहिलेल्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का होता, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा ग्रेड. पापुद्रे सुटलेल्यावर ३०३ होता. तो कपाटाला चालेल, सिंकखाली नाही. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी घागरी, पिंप, बादल्या भरताना ओट्यावरून खाली किती सांडतं हे इथल्या बाईलाच ठाऊक.

मला त्याचं मन कळलं ते ओट्याच्या उंचीवरून. मी चौतीस इंच म्हणत होते. तो सासूबाईंना म्हणाला, "मावशी, हितं उभ्या राहा की ओ, अन् भाकरी थापल्यागत करून दाखवा." त्यांनी हवेत भाकरी थापली. त्यानं कोपरापासून टेप लावला आणि बत्तीसवर खूण केली. थापताना वरून जोर यायला हवा, नाहीतर खांदे भरून येतात. आणि जिथं शेंगाची चटणी कुटायला खलबत्ता ठेवतो, बरोबर तिथं ग्रॅनाइटखाली कडप्प्याचा उभा आधार दिला. आज नऊ महिने रोज कुटतोय, दगडाला केसाएवढी चीर नाही.

गॅसची टाकी ओट्याखालीच आहे. त्या शटरला त्यानं जाळी अगदी तळाशी ठेवली, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. दुसऱ्या एकाच्या नकाशात ते कपाट चारी बाजूंनी बंद होतं.

पैशांचं असं ठरलं: दहा टक्के उचल, मग फोडकाम-नळकाम झाल्यावर, ओटा बसल्यावर, ट्रॉल्या बसल्यावर, आणि शेवटचे दहा टक्के वापर सुरू होऊन महिना झाल्यावर. तो एकदाही हप्त्याआधी मागायला आला नाही. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप धरून त्यानं वायरी आणि पाइपांचे फोटो मला पाठवले. जुलैत पाण्याचा फिल्टर बसवायला आलेला माणूस ड्रिल घेऊन ज्या जागी उभा होता, तिथूनच अवनची वायर गेली होती. फोटो बघून त्याला चार इंच बाजूला सरकवलं.

तक्रारीही आहेत. गड्ड्याच्या, म्हणजे इथल्या सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत कारागीर सुट्टीवर गेले आणि काम अकरा दिवस लांबलं; हे आधी सांगायला हवं होतं. मिक्सरचा प्लग सिंकच्या फार जवळ आलाय, मला आवडत नाही. बोअरच्या पाण्यानं नळावर पांढरे क्षार धरतात, त्याला तो काय करणार! पावसाळ्यात एक शटर घासायला लागलं. फोन केला, चौथ्या दिवशी आला, बिजागरी बदलली आणि पैसे घेतले नाहीत. तोवर शेवटचे दहा टक्के त्याला कधीच मिळाले होते, म्हणून ते येणं मला मोठं वाटतं.

आता ओळखीतलं कुणी ना कुणी आमचा ओटा बघायला येतं. मी आधी सिंकखालचं दार उघडून देते.