तरण्या पावसात कपडे वाळवायचे कसे: जुना ड्रायर ठेवायचा, नवा घ्यायचा की दुसरंच काही?

जुलै लागला की बेळगाव-खानापूर भागात ज्यांच्या घरी ड्रायर आहे त्यांची एकच तक्रार असते. मशीन दोन-दोन तास फिरतं, पण जीन्सचे खिसे आणि चादरीचे काठ ओलेच. मग प्रश्न येतो, हा काढून हीट पंपवाला, म्हणजे तीच गरम हवा आतल्या आत फिरवून वाळवणारा, घ्यावा का? माझं मत आधीच सांगते. कपड्यांतलं पाणी तुमच्या घरातून शेवटी जातं कुठे, ते पहिल्यांदा बघा. पाइपातून बाहेर पडतं, टाकीत साठतं, की भिंतीत मुरतं? निवड त्यावर ठरते. कंपनी, किलो आणि किंमत त्यानंतर.

"बाहेर एवढी झड लागलीय, ड्रायर तरी काय करणार?" असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. २२ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १२ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे कणकुंबीच्या पावसातसुद्धा ड्रममध्ये जाणारी हवा कोरडीच असते. वेळ थोडा जास्त लागेल, पण कपडे ओले राहत असतील तर दोष दुसरीकडे आहे.

तो दोष पुष्कळदा वॉशिंग मशीनमध्येच असतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळलेल्या पाच किलो सुती कपड्यांत साडेतीन लिटरच्या आसपास पाणी उरतं, १४०० वर पिळले तर अडीच. एक लिटर पाण्याची वाफ करायला कमीत कमी ०.६ युनिटाइतकी उष्णता लागतेच. म्हणून सोलापुरी चादरी आणि टॉवेल ड्रायरमध्ये टाकण्याआधी जास्तीच्या स्पिनवर पुन्हा एकदा फिरवा. एवढ्याने फरक पडला तर पुढचा खर्च टळला.

नाही पडला तर जुन्या, पाइपवाल्या, म्हणजे दमट हवा पाइपाने बाहेर टाकणाऱ्या ड्रायरची तपासणी करा. दोन जागा नीट बघण्यासारख्या आहेत. पहिली, लव अडवणारी जाळी. हाताने पुसली की ती साफ दिसते, पण कपडे मऊ करणाऱ्या लिक्विडचा किंवा सुगंधी शीटचा पातळ थर तिच्यावर बसलेला असतो. जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार गेलं तर ठीक. वर डबकं साचलं तर हवासुद्धा तशीच अडतेय. मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने घासा, पूर्ण वाळवा, मग बसवा. दुसरी जागा ड्रमच्या आत, बहुतेक मशीनमध्ये जाळीजवळ असते. तिथे धातूच्या दोन पट्ट्या दिसतील. ओलं कापड दोन्ही पट्ट्यांना टेकलं की त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो आणि मशीनला कळतं की अजून ओल आहे. या पट्ट्यांवर पांढरट थर चढला की मशीनला कपडे वाळल्यासारखे वाटतात आणि ते अर्ध्यातच थांबतं. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरांत हे विशेष होतं. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसून काढा. दोन-चारच कपडे टाकले तर ते पट्ट्यांना नीट टेकत नाहीत, तेव्हा सेन्सरचा प्रोग्राम सोडून टायमर लावा.

मग पाइप. मशीन भिंतीला सरकवताना तो मागे चेपला जातो, किंवा मध्येच झोळ खाऊन लोंबतो. आमच्याकडच्या पावसात बाहेरची भिंत गार असते. गरम वाफ पाइपात थिजते आणि झोळात पाणी साठतं. पाइपची क्लिप सोडताना खाली बादली धरा, कारण तांब्याभर पाणी सहज पडतं. पाइप आखूड ठेवा, वळणं कमी, आणि उतार बाहेरच्या बाजूला. तोंड पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असेल तर मोसमी वारा आणि पाऊस थेट आत घुसतात. उत्तरेला किंवा पूर्वेला काढा. जमत नसेल तर त्यावर छत्री आणि झडप बसवा. वर्षातून एकदा आतली लव काढाच. ती चटकन पेट घेते.

ड्रम फिरतोय पण हवा गारच येतेय, तर हीटर किंवा थर्मल फ्यूज गेलेला असतो. फ्यूज बदलणाऱ्याला पाइपही बघायला लावा, कारण हवा कोंडल्यामुळेच तो उडाला असेल तर नवाही उडेल. जांबोटीकडच्या गावांत आणखी एक कारण असू शकतं, कमी व्होल्टेज. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर २,००० वॉटचा हीटर जेमतेम १,२०० वॉटचं काम करतो. अशा घरी ड्रायर बिघडलेला नसतोच. मल्टिमीटर लावून बघितल्याशिवाय दुरुस्तीवर पैसे घालू नका.

हे सगळं ठीक असूनही घर दमट होत असेल, तर मात्र निवडीचा प्रश्न खरा.

पाइपवाला ड्रायर घेताना स्वस्त पडतो, कपडे लवकर वाळवतो आणि बांधणीने साधा असल्याने गावातला मिस्त्रीही दुरुस्त करू शकतो. पण त्याला बाहेरची भिंत हवी. टिळकवाडी, शहापूरच्या फ्लॅटमध्ये पुष्कळ जण त्याचं तोंड न्हाणीघरात सोडून दार लावून घेतात. तीन-साडेतीन लिटर पाणी मग घरातच फिरतं. तीच दमट हवा मशीन पुन्हा ओढतं, आणि महिन्याभरात कपाटाच्या मागे काळी बुरशी धरते. भिंतीला चार इंची भोक पाडायची परवानगी मिळणार नसेल तर हा प्रकार घेऊच नका.

साधा कंडेन्सर ड्रायर वाफेचं पाणी करून टाकीत साठवतो, पाइप लागत नाही. वीज मात्र पाइपवाल्याइतकीच खातो, आणि आतला कंडेन्सर लवेने बुजला किंवा रबर सैल झालं की वाफ खोलीत येते. मी त्याची शिफारस करणार नाही.

हीट पंपवाला महाग, साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त. वेळही जास्त घेतो, एका लोडला दोन-तीन तास. पण तीच गरम हवा आतल्या आत फिरवतो, पाणी टाकीत किंवा थेट मोरीत सोडतो आणि घर कोरडं ठेवतो. पाच किलोच्या लोडला पाइपवाला तीन ते चार युनिट घेतो, हा दीडच्या आसपास. कर्नाटकातल्या आपल्या घरांना हा फरक जास्त जाणवतो, कारण गृहज्योती या सरकारी मोफत विजेच्या योजनेची मर्यादा महिन्याला २०० युनिटांची आहे. समजा, तुमचं घर महिन्याला ११० युनिट वापरतं. पाइपवाला रोज लावला तर वर १०० च्या आसपास युनिट चढतात, २०० ओलांडतात आणि त्या महिन्याचं पूर्ण बिल तुमच्या नावावर येतं. हीट पंपवर तेच घर १५५ वर थांबतं. ठरलेल्या सवलतीच्या वरच्याच युनिटांचे पैसे भरायचे. पावसाचे तीन-चार महिने रोज ड्रायर लावणाऱ्या घराला, लहान मूल किंवा अंथरुणावरचं माणूस असलेल्या घराला, मी हाच घ्यायला सांगेन. याची आतली कॉइलही लवेने बुजते, तेव्हा ती मालकाला स्वतः साफ करता येते का, हे दुकानात उघडून दाखवायला सांगा.

धुणं-वाळवणं एकाच मशीनमध्ये करणारे प्रकार जागा वाचवतात, एवढंच. आठ किलो धुणारं मशीन वाळवतं पाचच किलो, त्यामुळे उरलेले कपडे काढून ठेवावे लागतात. काही मॉडेल वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात. नळ बंद राहिला किंवा टाकीतून दाब आला नाही की कपडे ओलेच निघतात, आणि लोक हीटरला दोष देत बसतात.

ड्रायरच न घेता डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं मशीन, हा पर्याय मला फार मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडे त्याचा विचार कमी होतो. स्लॅबच्या घरातली एक छोटी खोली बंद करायची, दोऱ्या बांधायच्या, पंखा लावायचा, मशीन रात्रभर चालवायचं. ३०० वॉटचं मशीन दहा तासांत तीन युनिट घेतं. वीज हीट पंपपेक्षा जास्त जाते, पण कपडे झिजत नाहीत, नऊवारी आणि रेशमाला धोका नाही, आणि भिंती-कपाटंही कोरडी होतात. अट एकच, खोली हवाबंद हवी. खानापुरातल्या कौलारू घरात ते बाहेरचीच दमट हवा ओढत राहील. तिथे पाइपवाला ड्रायर जास्त शहाणपणाचा. मागच्या भिंतीला भोक पाडायला कुणाची परवानगी लागत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कपडे वाळवणं मात्र कृपा करून बंद करा. तिच्या धुरात न दिसणारा, वास नसलेला विषारी वायू असतो, आणि झोपेतच माणूस जातो.

निपाणी, चिकोडीकडे पाऊस बेळगावाइतका नसतो आणि अथणी तर कोरडाच तालुका. तिथे चांगला स्पिन आणि पंख्याखालची दोरी बहुतेक दिवस पुरते. तेवढ्यासाठी ड्रायर घेऊ नका.

कोणताही पर्याय निवडा, वाळलेले कपडे बाहेर टोपलीत ठेवू नका. ९० टक्के आर्द्रतेत सुती कापड आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त ओलावा हवेतूनच ओढून घेतं. सकाळी खणखणीत वाळलेला टॉवेल संध्याकाळी सर्द लागतो, तो यामुळे. ड्रममधून काढल्यावर झटका, पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, लगेच घडी घालून कपाट बंद करा. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं असेल तर वीतभर पुढे ओढा. आणि घ्यायचा तो ड्रायर १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच लावा. साध्या प्लगवर दोन किलोवॉटचा हीटर चालवला तर प्लग वितळतो.